आभाळातला रवा

आमच्या धंद्यात सगळ्यात महाग काय, तर आभाळ. खऱ्या आयुष्यात ते फुकट मिळतं, म्हणून कोणी मान वर करून बघत नाही. संगणकात मात्र आभाळाच्या प्रत्येक ठिपक्याला विचारावं लागतं, बाबा रे, तुझ्यावर उजेड कुठून येतो आणि किती येतो? नीट खोदून विचारलं तर एका चित्रापायी मशीन तास तास बसून राहतं. घाईत विचारलं तर ते ठोकून देतं काहीतरी, आणि मग आभाळभर बारीक दाणे दिसायला लागतात. फिल्म चालू केली की हे दाणे वळवळतात. आम्ही त्याला रवा म्हणायचो. बिल्डरांच्या फिल्ममध्ये रवा कोणाला खुपत नसे, कारण तिथे सगळ्यांचे डोळे पोहण्याच्या तलावावर.

शनिवार पेठेत, छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, चार मशिनं आणि यवतमाळहून आलेला सुदर्शन. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायच्या, हे आमचं काम. २००७ साल होतं, पुण्याच्या चारी बाजूंना टॉवर उगवत होते आणि प्रत्येक टॉवरला पायाखणणीच्या आधी फिल्म लागत होती. पण त्या एप्रिलमध्ये हातात आलेलं काम इमारतीचं नव्हतं. ते अपघाताचं होतं, आणि त्या अपघातात माझा भाऊ होता.

यज्ञेश्वर माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा बाकीचे रडत रडत बाहेर पडले, आमचा दादा शीळ घालत. त्याला तरुणपणापासून ग्लायडरचं वेड. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोराने वर ओढून सोडून द्यायचं, मग वाऱ्यावर तरंगत खाली यायचं. लोणी काळभोरच्या पलीकडे माळावर एक छोटा क्लब होता, तिथे तो शिकवायला लागला. पुढे विद्यार्थी बसतो, मागे शिक्षक. दोघांच्या पुढ्यात एकेक दांडा, आतून जोडलेला. एकाने हलवला की दुसऱ्याचाही हलतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पुढे स्पृहा बसली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, दादाची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. उतरता उतरता समोर घार आली. ग्लायडर एकदम कलंडलं आणि दोन मजल्यांच्या उंचीवरून पडलं. दादाचं गळ्याचं हाड मोडलं. स्पृहाचा पाय असा मोडला की डॉक्टर अजून ‘बघू’ म्हणत होते. दोघांनीही लिहून दिलं होतं: घार अचानक आली, वेळच मिळाला नाही.

चौकशीला तिघांची समिती बसली. अध्यक्ष जयसिंगराव, हवाई दलातून निवृत्त झालेले. ग्लायडरमधल्या नोंदयंत्रावरून आणि मैदानावर कोणीतरी हँडीकॅमवर घेतलेल्या चित्रणावरून त्यांच्या तज्ज्ञाने ग्लायडर कुठे होतं आणि घार कुठे होती याचा क्षणाक्षणाचा हिशेब मांडला होता. त्यांना हवी होती पुढच्या सीटवरून काय दिसलं असेल त्याची फिल्म.

“यज्ञेश्वर माझा सख्खा भाऊ आहे,” मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं.

“ठाऊक आहे, बाई. आकडे आमचे आहेत. घार किती लांब होती ते आकडे सांगतात. दिसत होती का, ते चित्र सांगेल. आपण फक्त चित्र काढायचं.”

म्हणजे सगळं त्या चित्रावर आलं होतं. घार खरंच अचानक उगवली असेल, तर दोष कोणाचाच नाही. आधीपासून दिसत असेल, तर मागे बसलेला शिक्षक झोपला होता का? मग दादाचा शिकवण्याचा परवाना कायमचा जाणार. आणि परवाना गेला की दादाचं काय उरतं, हे मला माहीत होतं. सकाळी दूध आणणं आणि दुपारी पेपरातलं शब्दकोडं.

सुनावणी शुक्रवारी होती. गुरुवारी पुण्यात दिवसभर वीज बंद, हा तेव्हाचा शिरस्ता. आणि बुधवारी सकाळी आमच्या आभाळात पोतंभर रवा होता. फेब्रुवारीतल्या सकाळचं धुरकट आभाळ, समोर सूर्य, याहून वाईट काही नाही.

“क्वालिटी वाढवून पाहिली ना मॅडम,” सुदर्शन म्हणाला. “एका फ्रेमला तासाच्या वर घेऊन राहिलं. अशा चालीनं फिल्म दिवाळीत निघते.”

खराडीच्या एका कंपनीत माझा वर्गमित्र साहेब होता. त्याच्याकडे मशिनांच्या रांगाच्या रांगा रात्रभर रिकाम्या गुणगुणत असायच्या. मी त्याला फोन केला. त्याने खूप आपुलकीने चौकशी केली आणि अर्ध्या तासाने कंपनीचे सुरक्षेचे नियम ई-मेलने पाठवून दिले. मैत्रीची किंमत कळायला अशी कामं बरी पडतात.

शेवटी सुदर्शनने एक फिल्टर लावला. त्याची रीत सोपी होती. एक चित्र घ्यायचं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवायचं. जो ठिपका एका चित्रात आहे आणि त्याच जागी पुढच्या-मागच्या चित्रात नाही, तो रवा. फेकून द्यायचा. तासाभरात आभाळ कसं धुतल्यासारखं झालं.

दादा अकरा वाजता आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने फिल्म पाहिली. रिकामं, स्वच्छ आभाळ, खालून जवळ येणारा माळ, बाभळींची रांग, आणि मग अगदी शेवटी, पापणी लवते न लवते तोच, काचेसमोर घार. माझ्या जिवात जीव आला. दादा खरंच बोलत होता! इतके दिवस मलाही थोडा संशय होता, तो मनातून गेला आणि मला रडूच यायला लागलं.

“परत लाव,” दादा म्हणाला.

परत लावली. त्याने चहा अर्धा ठेवला आणि उठला.

“आभाळ फार स्वच्छ केलंस गं हेमा.”

कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नाही, त्यामुळे हे कौतुकच असावं असं मी धरून चालले.

दुपारी स्पृहाचा फोन आला. तिचा आवाज आजारी माणसासारखा बारीक झाला होता.

“मॅडम, एक विचारू? त्यात घार कधी दिसते?”

“अगदी शेवटी. अचानकच येते गं. तू लिहिलंस तसंच.”



“त्याच्या आधी नाही दिसत?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “बरं झालं.” आणि तिने फोन ठेवला.

बरं झालं म्हणणारं माणूस असं म्हणत नाही. मी फोन हातात धरून बसले. मग सुदर्शनला म्हटलं, आभाळ काढून टाक आणि मला नुसती घार दाखव.

करड्या पडद्यावर फिल्म सुरू झाली. पहिल्या काही सेकंदांतच डावीकडे वर एक काळा ठिपका होता. मोहरीएवढा. तो थरथरत खाली सरकत होता, हळूहळू मोठा होत होता, नाहीसा मात्र एकदाही होत नव्हता. मी मोजलं. नंतर सुदर्शनने मोजलं. चांगले दहा-बारा सेकंद. हवेत दहा-बारा सेकंद म्हणजे ढीगभर वेळ. तेवढ्यात माणूस दोनदा वळून परत येतो.

“मॅडम,” सुदर्शन हळूच म्हणाला, “आपल्या फिल्टरनं घार खाल्ली.”

खाल्लीच होती. लांबची घार एवढीशी, त्यात हलती. या चित्रात इथे, पुढच्या चित्रात तिथे. फिल्टरच्या लेखी ती रवाच. जवळ येऊन तिचा आकार मोठा झाला तेव्हाच कुठे त्याने तिला घार मानलं होतं.

आम्ही दोघं त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. खाली दुकानात कोणीतरी छत्रीची तार किती टिकेल यावर वाद घालत होतं.

“आपण थोडीच काही केलं?” सुदर्शन म्हणाला. “आभाळ साफ करायचं होतं, केलं. समितीले काय समजते? सरांचं भलं होते ना मॅडम.”

“तू गप्प बस,” मी म्हटलं. त्याच्यावर उगाच डाफरले, कारण तो माझ्याच मनातलं बोलला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ मी झाकलीच नव्हती, ती मशीनने झाकली होती. मी फक्त ती उघडायची नव्हती, बस. याहून सोपं पाप कोणाच्या वाट्याला येतं?

पण रवा असलेली पहिली फिल्म दाखवायची म्हटलं तरी पंचाईत. तिच्यात घार होती, पण त्या वळवळत्या दाण्यांत ती शोधून सापडत नव्हती. तीही खोटीच. माणसाच्या डोळ्यांना आभाळात रवा दिसत नाही. म्हणजे एक फिल्म घार खाऊन स्वच्छ झालेली आणि दुसरी घार लपवून घाण राहिलेली, आणि खरी फिल्म निघायची दिवाळीत.

मी चिडून खोलीत येरझाऱ्या घालत होते. आणि चिडल्यावरच मला सुचतं, हा माझा जुना अनुभव आहे. पंधरा सेकंदांत आभाळ बदलतं कुठे? ग्लायडर हलतं, जमीन हलते, घार हलते. आभाळ तिथेच. मग ते आम्ही प्रत्येक फ्रेमला नव्याने का शिजवत बसलोय? वरणभात रोज लावावा लागतो. लोणचं रोज घालतं का कोणी?

“सुदर्शन, आभाळ एकदाच कर. मोठं, घुमटासारखं, चारी दिशांचं. लागू देत त्याला चार तास, एक दाणा राहता कामा नये. मग ते पाठीमागे लाव, आणि जमीन आणि घार त्याच्यावर वेगळी कर. त्यांना वेळ लागत नाही.”

“आणि फिल्टर?”

“फिल्टर नको. खायला रवाच नाही तर त्याला बोलवायचं कशाला?”

संध्याकाळपर्यंत घुमट तयार झाला. उरलेल्या फ्रेम मशिनांवर लावून आम्ही घरी गेलो. गुरुवारी सकाळी धावत जिना चढले तेव्हा शेवटच्या काही फ्रेम चालू होत्या. सीडी लिहायला घातली आणि लाइट गेले. यूपीएस कोकलायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी. कधी मान टाकेल याचा नेम नाही. आम्ही दोघं सीडीच्या दिव्याकडे बघत उभे. मनातल्या मनात मी काय म्हणत होते ते सांगते: मशीन बंद पडू दे. सीडी बिघडू दे. मग माझ्याकडे एकच फिल्म उरेल आणि मला काही ठरवावं लागणार नाही.

ट्रे बाहेर आला. सीडी नीट लिहिली गेली होती.

मी तडक दादाच्या घरी गेले. तो गॅलरीत वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता.

“दादा, घार दिसते,” मी म्हटलं. “सुरुवातीपासून. काल तू पाहिलीस ती फिल्म चुकीची होती. दुसरी केली आहे.”

वारा घेणं थांबलं.

“आकडे कोणाचे?”

“समितीचे.”

“मग झालं तर.”

“झालं काय? तुझा परवाना जाईल! दोन्ही सीड्या माझ्या पर्समध्ये आहेत. मी काय करू ते सांग.”

“ते तू ठरवायचंस.”

“दादा, तुला ती दिसली होती का?”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याची ही नजर मला लहानपणापासून पाठ होती. गणित अडलं की तो असाच बघत बसायचा; उत्तर त्याला माहीत असायचं, पण सांगायचा नाही. तुझं तुला सुटलं पाहिजे, म्हणायचा. अशा वेळी मला त्याच्या डोक्यात पाटी घालावीशी वाटे. आत्ताही तसंच वाटलं.

“मी काही सांगणार नाही,” तो म्हणाला. “तुझं काम आहे, तुला कळतं.”

शुक्रवारी तो माझ्या स्कूटरवर मागे बसला. सोलापूर रस्त्यावर उसाचे ट्रक, धूळ, ऊन. हडपसर गेलं, पुढचे फाटे गेले. मला त्याचा इतका राग आला होता की एखादा खड्डा मुद्दाम चुकवला नाही.

लोणी काळभोरच्या एका कॉलेजातला हॉल समितीने घेतला होता. पडदे ओढलेले, पंखे फिरत असूनही घामाघूम. स्पृहा पहिल्या रांगेत, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. केवढी वाळली होती पोर. तिने दादाकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

जयसिंगरावांनी आधी एक मसुदा वाचून दाखवला. तज्ज्ञाच्या मते ग्लायडर कलंडलं ते दांडा झटक्याने ओढल्यामुळे. “दांडा त्या वेळी विद्यार्थिनीच्या हातात होता,” ते म्हणाले. “घार अचानक आली असल्यास, विद्यार्थिनी घाबरली असा निष्कर्ष निघतो. त्यात शिक्षकाचा दोष दिसत नाही.”

स्पृहाने मान खाली घातली. दादा भिंतीकडे बघत होता.

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दोष कोणाचाच नाही, अशी माझी समजूत होती. दोष राहणारच होता, फक्त तो तिच्या मोडक्या पायावर नेऊन ठेवणार होते. मी पर्स उघडली. कुठली सीडी काढायची याचा घोळ आता उरला नव्हता.

फिल्म सुरू झाली. धुरकट, उजळ, बिनदाण्याचं आभाळ. आणि डावीकडे वर काळा ठिपका.

मग समितीतल्या एकाने बोट केलं. ठिपका खाली सरकत होता. मोहरी, मग मिरी, मग पंख. हॉलमध्ये सगळ्यांना दिसत होतं आता, आणि फिल्म अजून चालूच होती, चालूच होती. मला वाटलं, आपण उठून पडद्यासमोर उभं राहावं. घार काचेवर आली आणि चित्र थांबलं.

“ही तर केव्हाची दिसते आहे,” जयसिंगराव दादाकडे वळून म्हणाले. “आपल्याला दिसली नाही?”

दादा उठून उभा राहिला. शर्ट नीट केला.

“दिसली होती. अचानक आली असं मी लिहून दिलं, ते खोटं आहे. मी तिला पहिल्यापासून बघत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“हिने सांगावं म्हणून थांबलो होतो. ‘सर, समोर घार आहे,’ असं हिने आपण होऊन म्हणायला हवं. मी सांगितलं की पोरं माझ्या डोळ्यांनी बघायला शिकतात. मी कधीच आधी सांगत नाही. म्हटलं, बोलेल, आता बोलेल.” “मग घार फारच जवळ आली, आणि मी दांडा डावीकडे ओढला.”

“मी उजवीकडे ओढला,” स्पृहा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“मला पण दिसली होती. पहिल्यापासून. मी पण खोटं लिहिलं, सरांनी लिहिलं म्हणून तसंच.”

“मुली, दिसली होती तर तू तरी बोलायचं!” जयसिंगराव जवळजवळ ओरडले.

“सर मागे होते ना,” ती म्हणाली. “सरांना दिसलीच असणार. ते काही बोलत नाहीत म्हणजे बरोबर चाललं असेल. सरांच्या आधी मी कसं बोलणार?”

मला एकदम ते दोघं दिसले, एकामागे एक बसलेले, एकाच ठिपक्याकडे बघणारे, आणि एकमेकांची वाट बघत गप्प. दादाचा राग, त्याची कीव, सगळं एकदम दाटून आलं आणि मी तोंडाला पदर लावला.

दादाने खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला. कोणी मागितला नव्हता. मग तो स्पृहाच्या खुर्चीजवळ गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. इतक्या वर्षांत त्याला मी कोणासमोर असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

“ओरडायचं होतंस गं पोरी,” तो म्हणाला.

तिने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“तुम्ही पण ओरडायला हवं होतं, सर.”